पाण्याचं वजन

राधाकिशन आबांना त्या एका सहीतून काय काय मिळणार होतं, ते आधीच मांडून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे त्यांचा राग करताना कुणाच्या हातून अन्याय व्हायला नको.

पाटोद्याच्या रस्त्याला आबांचं कापसाचं गोडाऊन होतं. जिनिंगवाल्यांनी पाठ फिरवल्यापासून त्यात फक्त पारवे नांदत होते. ते पुन्हा उघडणार होतं. त्यांचा जावई हनुमान लग्नापासून 'काहीतरी बघतोय' एवढाच उद्योग करत होता, त्याला आता सुपरवायझर म्हणता येणार होतं. शिवाय गावातल्या तीस बायका कामाला लागणार. तीस बायका म्हणजे तीस घरं, आणि ही घरं कोणत्या दिवशी रांगेत उभी राहतात हे आबांना सांगायची गरज नव्हती. मागच्या खेपेला जिल्हा परिषदेचं तिकीट त्यांच्या तोंडाशी येऊन गेलं होतं. आता 'गावात कारखाना आणला' असं नावापुढे लागलं की कोण नाही म्हणतो?

कारखाना म्हणजे काय, तर बाहेरच्या एका कंपनीची पिवळी पावडर मोठ्या पोत्यांतून काढून किलोकिलोच्या पिशव्यांत भरायची. चपलांचे सोल बनवताना ती रबरात घालतात. तापली की तिच्यातून वायू सुटतो आणि सोल पावासारखा फुगतो. बायकांनी रंग बघून पहिल्याच दिवशी तिचं नाव 'हळद' ठेवलं.

हे सगळं अडलं होतं एका कागदावर. पावडरीला स्फोटक गुणधर्म नाहीत, असा लॅबचा दाखला हवा होता. त्यावर सही करायची होती अंजूला.

अंजू त्याच गावच्या सुग्रीव मेंढक्याची थोरली लेक. बाप मेंढरांमागे रानोमाळ आणि ही बीडला रसायनशास्त्रात एमएस्सी. मोहनरावांच्या लॅबमध्ये ती चार वर्षं होती. माती, पाणी, दूध तपासून लॅब चालत नाही म्हटल्यावर मोहनरावांनी कुठल्यातरी बंद कारखान्याच्या लिलावातून एक यंत्र उचलून आणलं होतं आणि रीतसर परवानगीही मिळवली होती. आबांचं काम पार पडलं तर कंपनी वर्षभर सॅम्पल पाठवणार होती आणि अंजू कायम होणार होती. तसं मोहनराव दोनदा बोलले होते, म्हणजे एकदा तरी मनापासून बोलले असतील.

आणि तीस बायकांच्या यादीत पहिलं नाव होतं सत्यभामाचं. ती अंजूची आई.

यंत्र दिसायला साधं आहे. दोन उभ्या दांड्या आणि मधून सुटणारं लोखंडी वजन. खाली, पोलादाच्या दोन गुळगुळीत तुकड्यांमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढी पावडर ठेवायची, समोर जाड काच ओढून घ्यायची आणि ठरलेल्या उंचीवरून वजन सोडायचं. असं सहा वेळा. सहाही वेळा नुसता धप्प आवाज आला तर माल पास. एकदा जरी आत फाट्‌कन वाजलं तरी नापास.

कंपनीचं सॅम्पल आलं होतं प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, ओलसर, मळलेल्या बेसनासारखं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की मालात चौथा हिस्सा पाणी आहे. शुक्रवारी अंजूने सहा वेळा वजन सोडलं. सहा वेळा धप्प. मोहनराव दारातूनच म्हणाले, "झालं ना? सोमवारी टाइप करून सही ठोका."

पावडर ओली आहे म्हणून झोपलीय, एवढं तिच्या मनात आलं होतं. पण ओलीच राहणार असेल तर तक्रार कशाला, असंही आलं. रविवारी ती काळी-पिवळी जीपने गावी गेली.

घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, माय तुझी कंपनीत हाय. अंजू गोडाऊनकडे गेली आणि जिन्याने वर गच्चीवर पोचली तर तिथे बघत राहिली.

अख्खी गच्ची पिवळी झाली होती. ताडपत्र्या अंथरून पोत्यांतली पावडर पसरली होती, बोटभर जाड. आणि तिची आई डोक्यावर पदर घेऊन, अनवाणी, पाय घासत घासत त्या पावडरीत सऱ्या पाडत चालली होती. तूर वाळवताना पाडतात तशा, खालचा माल वर यावा म्हणून.

"माय! भाईर ये. आदी भाईर ये!"

"कावून? काय झालं?" सत्यभामाने पाय थांबवला. पोटऱ्यांपर्यंत पिवळी झालेली. "हळद लागली म्हन मला परत. बापाला सांगू नको तुज्या."

बाकीच्या बायका हसल्या. टाकीच्या सावलीला खुर्ची टाकून बसलेले आबाही हसले.

"ये अंजू, ये. सही आनलीस का?"

"आबा, दाखला मिळाल्याबिगर माल उतरवला कसा? आन् हे वाळवायला कुनी सांगितलं?"

"कुनी म्हंजे? मी." आबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांना ही गोष्ट सांगायला फार आवडत असावी. "कंपनीवाले लई शाने. शुक्रवारी पोतं उघडलं तर आत रबडी! चौथा हिस्सा पानी. मी म्हनलं, बे हनुमान, ह्यांनी आपल्याला येडं समजलं. वजन वाढवायला पानी मारलंय. अगं, तीस वर्सं कापूस घेतलाय मी. कोन रातच्याला पंपानं गंजीवर पानी मारून सकाळी गाडी भरून आनतो, ते मला बोंडाला हात लावल्याव कळतं. आता पिशव्या भरून द्यायच्या कोरड्या मापानं, आन् घ्यायचं ह्यांच्याकडून ओलं? घट कुनाच्या डोक्यावर?"

"आबा, ते वजनासाठी न्हाई घातलेलं."

"मग काय तहान लागती व्हय पावडरीला?"

बायका पुन्हा हसल्या. हनुमान सगळ्यांत मोठ्याने हसला. ती त्याची नोकरीच होती.

"ह्याला चार उन्हं द्यायची," आबांनी बोटांवर मोजलं. "शनवार, रयवार, सोमवार, मंगळवार. बुधवारी गाठी फोडायच्या. पाटे-वरवंटे बायका आनतील आपापल्या घरचे. मग चाळायचं आन् भरायचं. पयला पाटा तुज्या मायचा."

अंजूने आईला बाहेर ओढलं तर आईने हात सोडवून घेतला. खाली जिन्यात गाठून ती जे म्हणाली ते लेकीला फार दिवस पुरणार होतं.

"चारचौघींत माजा हात धरती का गं? चाळीस वर्सं मेंढरामागं उनात हिंडले. कुनाच्या बांधावर बसायचं तरी आदी इचारायचं. आता गोडावनात सावलीला बसून काम करायचं हाय, वहीत माजं नाव हाय, वर पंखा हाय. तुला नोकरी हाय तशी मला हाय. तू तुजी कर, मी माजी करते."

सोमवारी अंजूने सही केली नाही. सॅम्पलमधली चमचाभर पावडर काढून तिने काळजीपूर्वक, उष्णता न देता, दिवसभरात कोरडी केली. लॅबच्या जाडजूड नियमपुस्तकात हे लिहिलेलंच होतं: माल वापरात जितका कोरडा होऊ शकतो, तितका कोरडा तपासा. संध्याकाळी तिने दाणाभर पावडर पोलादाच्या तुकड्यांत ठेवली, काच ओढली, वजन सोडलं.

फाट्‌!

काचेमागे धुराचा पुंजका. पोलादाच्या गुळगुळीत तोंडावर काळा डाग. मोहनराव चहाचा कप घेऊन पळत आले, चहा मात्र बाहेरच सांडला. तिने उंची निम्मी केली. फाट्‌. आणखी निम्मी. फाट्‌. सहापैकी सहा.

तिने सगळं लिहून काढलं. मोहनरावांनी वाचलं आणि कागद उलटा ठेवला.

"हे कोणी मागितलंय?"

"सर, तिकडं गच्चीवर वाळत टाकलंय. बुधवारी वरवंट्यानं फोडणारेत."

"तो त्यांचा प्रश्न. सॅम्पल आलं तसं तपासायचं. आपण काय धोबी आहोत, वाळवून बघायला?"

"पुस्तकात—"

"पुस्तक मी वाचलंय." हे खोटं होतं. पुस्तकाचं प्लॅस्टिक अंजूनेच फाडलं होतं. "दाखल्यात आपण लिहितो, 'प्राप्त अवस्थेत.' सॅम्पल ज्या अवस्थेत प्राप्त झालं, त्या अवस्थेत स्फोटक नाही. एक शब्द खोटा आहे का यात?"

एकही शब्द खोटा नव्हता. अंजूला सगळ्यात जास्त संताप त्याचाच आला. खोटं असतं तर खोडता आलं असतं.

"मी सही करनार न्हाई." रागात तिची बोली गावची व्हायची.

मोहनरावांनी आबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"टिकली फुटली म्हन की," ते म्हणाले. "दिवाळीला आमचा नातू दगडानं फोडतो, रोज डबाभर. अंजू, ऐक गं पोरी. तुज्या बापाची मेंढरं आज दहा वर्सं माज्या पडीत बसत्यात. कदी इचारलं का मी? तुजी माय माज्या वहीत पयली. मी कदी काय मागितलं तुला? एक सही मागितली, तर तू मला पुस्तक दाखवती?"

मोहनरावांनी स्वतः सही केली. 'प्राप्त अवस्थेत' हे दोन शब्द बारीक अक्षरात खाली आले आणि 'स्फोटक गुणधर्म आढळले नाहीत' ठळक अक्षरात वर. आबांच्या पुतण्याने मोटारसायकलवर येऊन दाखला नेला. रात्रीच गावच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरला, हार घातलेला.

मंगळवारी दुपारी सत्यभामा बीडला आली. आबांनीच पाठवली होती. आईने एक ठेवून दिली की पोरगी सरळ येईल असा त्यांचा हिशेब. लॅबच्या दारात चप्पल काढून ती आत शिरली ती तोंड सुरू ठेवूनच.

"काय गं ए, सायबाला उलटं बोलली म्हन? तीस बायांच्या पोटाव पाय देती? आबा म्हनले, सही दुसऱ्यानं केली म्हनून निभावलं. इतकं शिकवलं ते गावाच्या आडवं यायला व्हय?"

अंजूने तिला यंत्रापाशी नेलं. तिने आईच्या डोळ्यांवर लॅबचा चष्मा चढवला, कानांत बोळे घातले, तिला काचेच्या मागे उभं केलं. मोहनराव केबिनमधून "अहो मावशी, आत नका येऊ" म्हणत बाहेर आले, तोवर अंजूने कोरड्या पावडरीचा दाणा चिमट्याने उचलून आईला दाखवला होता.

"ही तुमची हळद. बघितली? एवढीच."

"बघितली. मग?"

अंजूने वजन सोडलं.

सत्यभामा दचकली नाही. ज्या बाईने रात्री-अपरात्री मेंढरांच्या वाड्यात शिरलेला लांडगा काठीने हाकललाय ती आवाजाला दचकत नाही. तिने चष्मा काढला, बोळे काढले, पुढे होऊन पोलादाच्या तुकड्यावरचा काळा डाग अंगठ्याने पुसून बघितला. निघाला नाही.

"लोखंडाला पडला ह्यो?"

"हां."

"केवढी व्हती?"

"ज्वारीच्या दान्याएवढी."

मेंढरं मोजताना ती ओठ हलवायची, तसे तिचे ओठ हलले. दाण्यापासून सुरू करून ती मुठीपर्यंत गेली असेल, मुठीपासून पाट्यापर्यंत, पाट्यापासून गच्चीपर्यंत. मग तिने उजवा हात वर करून तळव्याकडे पाहिलं. वरवंटा धरायचा हात.

"आन् परवा मी त्याच्यात पाय घासत व्हते," ती म्हणाली.

"परवा ओलसर व्हतं, माय. आज तीन उन्हं झाली."

सत्यभामा मोहनरावांकडे वळली. आवाज चढला नाही. चढला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"सायेब, कागदाव सही तुमची हाय ना?"

"मावशी, त्याचं कसं असतं, आपल्याकडे सॅम्पल जसं येतं—"

"मग उद्या या गावाकडं. पाटा माजा हाय. बसायला गोणपाट टाकते. पयली गाठ तुमी फोडा."

मोहनरावांच्या खिशातला फोन वाजला नव्हता, तरी त्यांनी तो काढून कानाला लावला.

त्या संध्याकाळी माय-लेकी एकाच जीपने गावी गेल्या. पाटोदा आल्यावर सत्यभामा एवढंच म्हणाली, "मला रयवारी नीट सांगता आलं न्हाई का तुला?"

बुधवारी सकाळी सातला तीस बायका पाटे डोक्यावर आणि वरवंटे काखेत घेऊन गोडाऊनच्या अंगणात जमल्या. सत्यभामा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. तिने कुणाला वर जाऊ दिलं नाही. काल बघितलेलं सगळं तिने सांगितलं: दाणा, वजन, डाग. काही बायकांचे चेहरे उतरले. काहींचे नाही.

"सत्यभामाक्का," संगीता म्हणाली. नवरा वारल्यावर दोन लेकरं घेऊन माहेरी आलेली, जिभेची तिखट. "तुज्या पोरीला बीडात नोकरी हाय. आमाला हीच हाय. तू तिचं ऐक. आमी का ऐकावं?"

"नको ऐकू. तूच जा वर. आमी आवाज येतो का बघतो."

संगीताने वरवंटा उचलला. तीन पायऱ्या चढली. चौथीवर उभी राहिली, बराच वेळ. मग परत आली आणि वरवंटा भिंतीला टेकवून, कुणाकडे न बघता रडायला लागली. रागाने रडत होती. कुणाच्या रागाने, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आता काय करायचं हे अंजूला माहीत होतं: जे काढून घेतलं ते परत द्यायचं. वर पाय ठेवायचा नाही, घासायचं नाही, जोराची धार मारायची नाही. कडेने, लांबून, दवासारखं पाणी शिंपडायचं. ते कसं, हे कुणालाच शिकवावं लागलं नाही. घराघरांतून पाठीवरचे फवारणी पंप आले. गंजीवर पाणी कसं मारायचं की आतपर्यंत मुरेल आणि वरून दिसणार नाही, यात त्या गावाचा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं. दोन तासांत गच्चीवर बेसन झालं. मग वरून बादल्या.

आबा आले तेव्हा पन्हाळीतून पिवळं पाणी गळत होतं.

"आगं बायांनो!" त्यांनी डोक्याला हात लावला. "चार उन्हं! माजी चार उन्हं घातली पान्यात! हनुमान, बे मुडद्या, तू काय करत व्हता?"

हनुमान पंप मारत होता. सासऱ्याला बघून त्याने नळी पाठीमागे लपवली.

"आबा," अंजू पुढे झाली. "तुमी कापसावर पानी बघितलं म्हनून तुमाला सगळीकडं चोरीच दिसती. ते पानी जीव राहावा म्हनून घातलेलं व्हतं. एवढ्या तीस जनी आज फुटल्या असत्या. तुमच्या दिवाळीच्या टिकलीनं."

"मग मला कावून न्हाई सांगितलं कुनी?" आबा ओरडले. यात नाटक नव्हतं. "पोत्यासंगट एक चिठ्ठी यायला नको व्हय?"

चिठ्ठी आली होती. चार पानी, इंग्रजीत, प्रत्येक पोत्यासोबत. माल ओलाच ठेवा, वाळू देऊ नका, आपटू नका. हनुमानने त्या सगळ्या जपून ठेवल्या होत्या आणि गेले चार दिवस त्यांवर भजी खाल्ली होती. त्याने एक तेलकट पान आणून दिलं. आबांनी ते उलटसुलट बघितलं, आणि मग स्वतःच्या तळपायाकडे बघितलं. रविवारी तेही एक फेरी मारून आले होते. टाच अजून पिवळी होती. तेवढ्या क्षणापुरता तो माणूस घाबरला. अंजूने बघितलं. तिला वाटलं, आता हा माणूस हात जोडील.

आबांनी टाच धोतरात घेतली आणि खिशातून फोन काढला.

आता शेवटची गोळाबेरीज. गावातली गडबड कळताच कंपनीने तिसऱ्या दिवशी ट्रक पाठवला, ओली पोती भरली आणि शेजारच्या जिल्ह्यात दुसरं गोडाऊन गाठलं. मोहनरावांचा दाखला सोबत नेला. तो अजून चालतो. कंपनीचं काही गेलं नाही. मोहनरावांचंही नाही, त्यांच्याकडे आता दर महिन्याला ओली पिशवी येते आणि तपासायला नवा मुलगा आहे, जो वाळवून बघत नाही. आबांनी गावोगाव सांगितलं की मी कारखाना आणला आणि विघ्नसंतोषी लोकांनी घालवला. लोक हळहळले, तिकीट मिळालं. अंजूने कोरड्या चाचणीचे आकडे सरकारी कार्यालयात नेऊन दिले. पोच मिळाली, शिक्का स्पष्ट उठलाय, उत्तर नाही. तिची नोकरी गेली. सुग्रीवला पडीतून मेंढरं उठवायला सांगितलं, तो कडा गावाच्या बाजूला उसाच्या वाढ्यांवर मेंढरं घेऊन गेला. संगीता मजुरीला जाते आणि सत्यभामा समोरून आली की रस्ता बदलते. आणि सत्यभामा वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा उन्हात, नवऱ्याच्या मागे. दोन्ही हात शाबूत. तीसही जणींचे शाबूत, आणि या सगळ्याची किंमत त्याच तीस जणींनी भरली.